पायापुढचा उजेड

शुभांगी गेल्याचा फोन आला तेव्हा मी दादरच्या भाजीबाजारात अळूची पानं निवडत होते. स्क्रीनवर तिच्या मुलीचं, केतकीचं नाव दिसलं आणि मला कळलंच. “मावशी, आई गेली गं…” एवढंच ती बोलली. भाजीवाली जुडी बांधून माझ्यापुढे धरून उभी होती. मी ती घेतली, पिशवीत ठेवली आणि परळच्या हॉस्पिटलकडे चालत सुटले. टॅक्सी करायचं सुचलंच नाही. दीड महिना होत आला आता या गोष्टीला, पण त्या चालण्यातलं काहीही मला आठवत नाही. आठवतंय ते इतकंच, की वाटेत कुणीतरी विचारलं, “मॅडम, बरं वाटत नाही का?” आणि मी “अळू आहे” असं काहीतरी उत्तर दिलं.

फोर्टातल्या एका विमा कंपनीत आम्ही दोघी शेजारच्या टेबलांवर म्हाताऱ्या होत गेलो. मी गिरगावातली, पुस्तकी बोलणारी, दोन वाक्यांत एक स्वल्पविराम जास्तच घेणारी. ती डिलाईल रोडच्या चाळीतली, मूळ कुडाळकडची, वडील गिरणीत होते. बोलायची तडतड. “मेधा, तू चहा पितेस की त्याची चव बघतेस? चल, मस्टर बंद होईल,” हे तिचं मला रोजचं. ऑफिसच्या ग्रुपबरोबर आम्ही पहिल्यांदा डोंगरावर गेलो, तेव्हा मी अर्ध्या वाटेत बसकण मारली होती आणि ती माझी सॅकही स्वतःच्या पोटावर अडकवून वर गेली होती. पुढे पन्नाशी जवळ आली, चढताना तिलाही धाप लागायला लागली. मग तिनं ठरवलं, डोंगर सोडायचा नसेल तर पळायला हवं. आम्ही उजाडायच्या आधी डिलाईल रोडवरून वरळीच्या समुद्राकडे पळायला लागलो. पळायला म्हणजे, ती पळायची आणि मी तिच्या मागे यायचे.

ती पहिल्यांदा पडली ती त्याच रस्त्यावर. फुटपाथ उखडलेला, मेट्रोचे पत्रे लावलेले… कुणीही पडलं असतं. दुसऱ्यांदा पडली तेव्हा म्हणाली, बुटाची नाडी सुटली होती. पण नंतर मला इतर गोष्टी दिसायला लागल्या. नाटकाला उशीर झाला तर अंधारात आत शिरताना ती माझा दंड धरायची, आणि खुर्चीत बसेपर्यंत सोडायची नाही. संध्याकाळी ऑफिसचा जिना उतरताना मुद्दाम मागे राहायची. एका सकाळी वरळीच्या कठड्यावर घाम पुसत बसलो होतो, तेव्हा समुद्राकडे बघतच ती म्हणाली, “मला काळोखात दिसत नाही गं. बाजूचंपण कमी दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. डॉक्टर बोलले, हळूहळू अजून कमी होणार. औषध नाही.”

मला आधी तिचा नवरा आठवला. “रवींद्रना सांगितलंस?”

“वेडी आहेस? उद्यापासून दारात उभा राहील तो. पळणं बंद, डोंगर बंद.” मग म्हणाली, “डॉक्टरनी जाऊ नको असं नाही सांगितलं. उजेड चांगला ठेवा, सोबत ठेवा, एवढंच सांगितलंय. सोबत आहे. उजेड बघू.”

आणि आम्ही कपाळाला बांधायची हेडटॉर्च शोधायला लागलो. मला वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम. लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानदारानं सगळ्यांत भारी टॉर्च काढून तिचा झोत थेट समोरच्या इमारतीच्या गच्चीवर मारून दाखवला. शुभांगी त्याला म्हणाली, “गच्चीवर मला काय कपडे वाळत घालायचेत? माझ्या पायापुढचं दाखवा.” एका टॉर्चची बॅटरी पट्ट्याच्या मागच्या बाजूला होती, ती नेमकी तिच्या अंबाड्यावर बसायची. एक चांगली हलकी होती, पण ती घालून दुकानात जागच्या जागी पळून बघितलं तर दिवा कपाळावर नाचायचा आणि सगळं दुकान हलायचं. एकीचं बटण इतकं बारीक की घामेजल्या बोटांना सापडेना. पळायला हलकी हवी, डोंगरावर बराच वेळ टिकणारी हवी, पावसाची झड सोसणारी हवी, आणि हे सगळं असून तिच्या त्या नळीसारख्या नजरेला उपयोगाची हवी. ट्रेकवाल्या ओळखीच्यांकडूनही एकदोन मागून आणल्या.

शेवटी परीक्षा झाली ती तिच्या चाळीच्या जिन्यात. तो लाकडी जिना दुपारीही काळोखात बुडालेला असायचा. एका शनिवारी दुपारी रवींद्र कामावर आणि केतकी क्लासला गेलेली असताना मी पायऱ्यांवर चपला मांडल्या. मधे नाही, कडेकडेनं, जिथं तिची नजर पोचत नव्हती तिथं. ती कपाळाला टॉर्च बांधून निघाली, तर दारात, त्यांच्याकडेच राहणारी तिची आई उभी.

“भर दुपारी डोक्याक दिवो लावन खंय चललंस गो?”

“खंय नाय गे आये, जिन्यार!”

लांब झोताच्या टॉर्चनं ती पहिल्याच वळणावर चपलेला अडखळली. समोरची पायरी लख्ख, आजूबाजूला ठार काळोख. दुसरीनंही तेच. तिसरी टॉर्च दिसायला अगदी साधी होती, तिचा उजेड लांब जात नव्हता, पण पिठासारखा पसरायचा. ती घालून शुभांगी मान डावीउजवीकडे हळूहळू फिरवत, एकेक चप्पल ओलांडत खालपर्यंत गेली. वरून मी बघत होते. तळाच्या पायरीवर ती बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. मी खाली गेले तर रडत होती. मला बघून म्हणाली, “दोन वर्षांनी हा जिना उतरले गं मी. म्हणजे उतरत होते रोज, पण भिंत धरून.”

त्या टॉर्चवर आम्ही पुष्कळ डोंगर केले. मग एका पावसाळ्याच्या शेवटी, कर्जतजवळच्या एका डोंगरावरून उतरताना आम्हाला उशीर झाला आणि तिन्हीसांजेला धुकं आलं. सगळ्यांनी टॉर्च लावल्या. कपाळावरचा उजेड धुक्यावर आपटून परत डोळ्यांवर यायचा, पुढे नुसती पांढरी भिंत. माझ्या पुढे चालणारी शुभांगी थांबली. “मेधा, मला काहीच दिसत नाही.” तिच्या आवाजात भीती मी कधी ऐकली नव्हती, ती तेव्हा ऐकली. वाट अरुंद, उजव्या हाताला दरी. ग्रुप पुढे निघून गेलेला. मी हाका मारल्या, पण उत्तर येईना.

ती खाली बसली. मग तिनं टॉर्च कपाळावरून काढली, हातात घेतली आणि जमिनीलगत धरली. ओलं गवत, दगड, त्यामधून गेलेली लाल मातीची वाट… वीतभर का होईना, दिसायला लागली. “हे बघ,” ती म्हणाली. मी पुढे झाले, माझीही टॉर्च गुडघ्याजवळ धरली, आणि तिनं माझ्या सॅकचा पट्टा पकडला. अशा आम्ही उतरलो. पायथ्याच्या गावात पोचल्यावर चहाही न घेता तिनं रवींद्रना फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.  पलीकडून मला ऐकू आलं, “तू मला का नाही सांगितलंस, शुभा?” ओरडले नाहीत. त्यामुळेच ती जास्त रडली.

रवींद्रनी तिला अडवलं नाही. उलट पुढच्या सोमवारी पहाटे ते स्वतः खाली हजर, बंडीवर स्वेटर आणि कपाळाला टॉर्च. पळणं त्यांच्या बापजन्मात नव्हतं, म्हणून मग शुभांगीनंच पळणं कमी करून भराभर चालायला सुरुवात केली. चाळीतली पोरं त्यांना ‘खाणकामगार आले’ म्हणून चिडवायची. ते हसायचे आणि हात उंचावून सलाम ठोकायचे. तिची नजर पुढे आणखी आक्रसत गेली, तसे रवींद्र तिच्या अर्धं पाऊल पुढे राहून वाट सांगायला लागले. डोंगर छोटे झाले, मग नुसती टेकाडं उरली. पण सकाळचं वरळी चुकलं नाही.

तिला नेलं ते डोळ्यांनी नाही. पोटात दुखतंय म्हणून तपासायला गेली आणि आजार फार पुढे गेलेला निघाला. पाच-सहा महिने मिळाले. शेवटी भेटले तेव्हा परळच्या त्या वॉर्डात पांढऱ्या ट्यूबलाइट्स लावलेल्या होत्या. मी चादर सारखी करत होते. ती म्हणाली, “इथे रात्रभर दिवे चालू असतात गं… एवढ्या उजेडाचं मी करू काय?” आम्ही दोघी हसलो. नर्सनं वळून बघितलं.

गेल्या रविवारी रवींद्रनी फोन केला, “येता का वरळीला?” उजाडायच्या आधी निघालो. ते माझ्या अर्धं पाऊल पुढे, शुभांगीच्या बाजूला चालायचे तसेच.  सिग्नलपाशी फुटपाथ संपला तसे ते हळूच म्हणाले, “पायरी.” मी चपापून त्यांच्याकडे बघितलं. त्यांना बोलल्याचा पत्ताच नव्हता. पुढे उखडलेल्या लाद्या आल्या. “खड्डा. डावीकडे.” मग एका झाडाखाली, “फांदी आहे.” मला सगळं नीट दिसत होतं. पण प्रत्येक वेळी मी “हो” म्हणत गेले, आणि ते सांगतील तिथे पाय उचलून टाकत गेले, समुद्र येईपर्यंत.