सासूबाईंची जुनी गोष्ट

दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीमागे वीस वर्षं काढल्यावर बाईंनी विद्यापीठात तौलनिक साहित्याला नाव घातलं. वर्गातली मुलं त्यांना काकू म्हणत. घरी निवांत वाचणं जमायचं नाही, म्हणून भाजी चिरताना पुस्तक डब्याला टेकवून त्या मोठ्याने वाचत. शेजारच्या पलंगावर सासूबाई डोळे मिटून पडलेल्या असत.

प्रबंधासाठी बाईंनी दोन गोष्टी घेतल्या. एक पुस्तकातली, दूरच्या बेटावरची. कोळीण नवऱ्याचा सदरा वल्ह्याला घालून ते दारात उभं करते आणि मृत्यू माणूस समजून वल्हंच घेऊन जातो. दुसरी सासूबाई नातीला सांगत ती. तिच्यात वल्ह्याऐवजी काठी होती, कोळणीऐवजी गवळण. इतक्या लांबच्या दोन ठिकाणी एकच गोष्ट सापडली म्हणून मार्गदर्शक सर हरखून गेले होते.

तोंडी परीक्षेच्या सकाळी साडीला पिन लावता लावता बाईंनी सहज विचारलं, "आई, ती सदऱ्याची गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली?"

"कोणी म्हणजे? तूच की. दुधी चिरताना वाचत नव्हतीस? वल्हं काही जमेना मला, काठी केली."

पिन बोटात घुसली. "अहो, जुनी आहे म्हणालात ना?"

"झाली की दोन वर्षं."

नवरा बूट घालत म्हणाला, "गप्प बस. आईला काय साक्षीला बोलावणार आहेत?"

प्रबंधाच्या चार प्रती बांधून विद्यापीठात गेल्या होत्या. प्रत्येकीत चाळिसाव्या पानावर 'पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली'. खोटा पुरावा ठरला तर पदवी गेली. आयुष्यभर लोकांना "बसा, नंबर येईल" सांगणाऱ्या बाई परीक्षेच्या खोलीबाहेर बाकावर बसून होत्या.

आत परीक्षक मॅडमनी नेमकं तेच पान उघडलं. "सासूबाईंनी ही कोणाकडून ऐकली?"

सर कौतुकाने हसत बाईंकडे बघत होते. 'त्यांच्या आईकडून' हे शब्द अगदी ओठांवर आले.

"माझ्याकडून," बाई म्हणाल्या. मग दुध्यासकट सगळं सांगून टाकलं. सरांचं हसू कुठे गेलं ते त्यांनी पाहिलं नाही.

"बाहेर बसा," मॅडम म्हणाल्या.

वीस मिनिटं झाली, दार बंदच. पिशवीत फोन थरथरला.

"काय गं, माझं नाव घेतलंस ना तिथे?" सासूबाईंनी विचारलं.

"घेतलं, आई."

आत खुर्च्या सरकल्या. बाईंनी फोन तसाच घट्ट धरून ठेवला.