परत घेतलेली हाळी

दीपालीला काही विचारले असता ती प्रथम ओढ्याच्या दिशेला पाहते आणि मग उत्तर देते. माझ्या कोळवणच्या ओसरीवरून तो ओढा दिसत नाही. मध्ये भाताची खाचरे आहेत, एक टेकाड आहे. तरीही तिची दृष्टी क्षणभर तिकडे जाऊन येते. गेल्या आषाढापूर्वी ती अशी नव्हती. प्रश्न पुरा होण्याआधीच तिचे उत्तर तयार असे आणि त्यामागोमाग हसूही. या पालटास जी कारणे झाली, त्यांत एक मी आहे. ते स्पष्ट शब्दांत लिहून ठेवावे, एवढ्यासाठीच हे लेखन.

ती सोळा वर्षांची, पौडला अकरावीत शिकणारी. तिची वाडी ओढ्यापलीकडच्या डोंगरउतारावर आहे. एकाखाली एक अशी सात घरे. वरच्या घरांतून ओढा दिसत नाही, आणि शाळा, दुकान, एसटीचा रस्ता, लावणीची खाचरे, सारे ओढ्याच्या अलीकडे. पावसाळ्यात वरच्या कड्यावर सर कोसळली की हा ओढा घटकेत चढतो. तो ओलांडायच्या जागी, मधोमध, एक गोल माथ्याचा धोंडा आहे. वाडीतली माणसे त्याला गुडघ्या म्हणतात. गुडघ्या उघडा असला तर वाट आहे, बुडाला तर नाही.

ओढ्याला लागून अगदी खालचे घर फुलाबाईंचे. पासष्टीच्या आसपासची, एकटी राहणारी ही बाई तीस वर्षे रोज सकाळी दाराबाहेर येऊन गुडघ्याकडे पाहत आली आणि तो उघडा दिसला की वर तोंड करून हाळी देत आली, "वाट हाय रंऽऽ!" दुसऱ्या घराने ती ऐकायची आणि तिसऱ्याला द्यायची, तिसऱ्याने चौथ्याला, अशी ती सातव्या घरी, देवूच्या अंगणात पोहोचायची. हाळी आली तरच माणसे खाली उतरत. न आली तर कोणी पाऊल उचलत नसे. ऐकलेली हाळी अडवून ठेवायची नाही आणि पाण्याकडे पाहिल्यावाचून ती द्यायची नाही, हे दोन नियम तेथे कोणी शिकवीत नाही. श्वासाइतकेच ते अंगचे झालेले आहेत.

दीपालीने या हाळीला शाळेची वेळ जोडून दिली. फुलाबाई कधी सहाला हाळी देत, कधी आठला. दीपाली पहाटेच त्यांच्या दारात जाऊन बसू लागली. पोरांनी कोणत्या घरापाशी जमायचे, धाकट्यांचा हात कोणी धरायचा, हे तिने ठरवले. एक वही ठेवली. तारीख, गुडघ्या उघडा की बुडालेला, किती पोरे शाळेत गेली. दोन पावसाळ्यांत वाडीतल्या एकाही मुलाचे नाव शाळेच्या पटावरून कमी झाले नाही.

ती वही अनिमेषने पाहिली. लवळ्याच्या टेकडीवरील एका विद्यापीठात शिकणारा हा सालस तरुण सर्वेक्षणासाठी खोऱ्यात मोटारसायकलवरून हिंडत असे आणि पाणी प्यायला माझ्याकडे थांबे. तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी युवा-नेतृत्वाचा कुठलासा आंतरराष्ट्रीय सन्मान असतो, हे त्यानेच सांगितले. निवड झाल्यास पुढील सारे शिक्षण, आणि वर परदेशात एक महिना. अर्ज संगणकावरून करायचा. सोबत दोन मिनिटांचे चित्रण आणि बाहेरच्या एका जाणत्या माणसाचे शिफारसपत्र. ते पत्र मी लिहावे असे ठरले.

अर्ज माझ्या ओसरीवर भरला गेला. त्यातील एका रकान्यापाशी दीपाली अडली. आपण स्थापन केलेल्या उपक्रमाचे वर्णन करा, असे तेथे म्हटले होते.

"पन हाळी तर आत्तीची हाय," ती म्हणाली. फुलाबाईंना ती आत्ती म्हणते.

"आत्तींचं वय काय?" अनिमेषने विचारले.

"साठ-पासष्ट आसंल."

"मग झालं तर. एकोणीसच्या वर चालतच नाही!"

ती खळखळून हसली, मीही हसलो. हसू ओसरल्यावर तिने माझ्याकडे वळून विचारले, "सर, आसं लिवलं तर चालंल का?"

शब्दांचे अर्थ निवडण्यात आणि शिकवण्यात माझे आयुष्य गेले आहे. तिला ठाऊक असलेले सत्य मी केवळ अनुमोदायचे होते. त्याऐवजी मी म्हणालो, "दीपाली, जुन्या रूढीला नवा आकार देणारा मनुष्यही एका अर्थाने तिचा संस्थापकच असतो." वाक्य सुंदर होते. त्या सौंदर्याने तिचा संकोच मिटला, आणि माझाही. त्याच संध्याकाळी मी शिफारसपत्रात तिचा उल्लेख 'संस्थापिका' असा केला. पत्र मी स्वतः स्वतंत्रपणे धाडायचे होते, ते धाडले. फुलाबाईंचे नाव त्यात कोठेही नव्हते.

चित्रणासाठी रविवार निवडला. शाळेला सुटी, म्हणजे पोरे उतरणार नाहीत, हा आमचा हिशोब. त्याच दिवशी संध्याकाळी सहाला अर्जाची मुदत संपत होती. आम्ही ओढा ओलांडून गेलो तेव्हा गुडघ्या चांगला वीतभर उघडा होता. फुलाबाई नेहमीप्रमाणे दारात उभ्या. अनिमेष माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सर, त्या फ्रेममध्ये येतायत. तुम्ही सांगता का? माझं ऐकायच्या नाहीत."

मी सांगितले. "फुलाबाई, थोडा वेळ आत बसता का? आणि बोलू नका बरं. चित्रात आवाज येतो."

"बसते की," त्या म्हणाल्या आणि दार लोटून घेतले.

दीपालीने डोंगराकडे तोंड करून हाळी दिली. वर एकामागून एक घरे ती उचलीत गेली. प्रतिध्वनीसारखा तो स्वर चढत गेला, आणि मला, खरे सांगतो, कृतार्थ वाटले. अनिमेषला मात्र उजेड पसंत पडेना. "परत एकदा, दीपाली. जरा हसून." दुसरी हाळी. वरच्या घरांनी तीही उचलली. न उचलण्याचे त्यांना कारण काय? मग तिसरी. मधल्या वेळात वर कड्यावर काळोखून आले होते. तिसऱ्या हाळीनंतर आम्ही तिघे उंबराखाली सावलीत गेलो आणि कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पहिले चित्रण पाहू लागलो. त्या पडद्यावर गुडघ्या वीतभर उघडा होता. खऱ्या ओढ्याकडे तिघांचीही पाठ होती.

दार जोराने उघडल्याचा आवाज झाला. आम्ही वळलो तो गुडघ्या दिसतच नव्हता. गढूळ पाण्यात मधोमध राणी उभी होती, देवूची आठ वर्षांची मुलगी. खाचरात लावणीला गेलेल्या आईसाठी भाकरीचे गाठोडे डोक्यावर घेऊन ती हाळीवर विसंबून उतरली होती. आमच्या मागूनच ती गेली असली पाहिजे. कोणाच्या ध्यानात आले नाही. तिचा पाय सुटला त्या क्षणी फुलाबाई तिच्यापाशी पोहोचल्या होत्या. उजव्या हाताने त्यांनी मुलीचे मनगट धरले आणि डावा हात बुडालेल्या गुडघ्यावर आपटून रोवला. तो तेथेच मोडला. गाठोडे वाहून गेले. दीपाली कमरेपर्यंत पाण्यात शिरली आणि त्या दोघींना तिने काठावर ओढले.

ओढा उतरायला दीड तास लागला. दीपालीच्या ओढणीत हात बांधून फुलाबाई दाराशी बसून राहिल्या. पाण्याकडे एकटक पाहत होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "आता हाय वाट. चला."

जीपमधून पौडच्या दवाखान्याकडे जाताना मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. काहीतरी बोलणे प्राप्त होते. मी म्हणालो, "फुलाबाई, फार मोठी चूक झाली आमची."

त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. स्वरात राग मुळीच नव्हता, घडले ते सांगावे तसे त्या म्हणाल्या, "पान्याचा आवाज जाड झाला की मला आतनं कळतं, सर. लई जाड झाला व्हता. पन तुमी म्हनला, बोलू नका. म्हनून मी लई येळ बसले."

 

दीपाली आमच्यासोबत आली नव्हती. तिला वाडीत काम होते, आणि ते काय हे मला देवूने पुढे सांगितले. खोटी हाळी गेली तर ती परत घ्यावी लागते. ओरडून दिलेली हाळी ओरडून परत घेता येत नाही. जेथे ती पोहोचून थांबली त्या सर्वांत वरच्या घरापासून उंबरा उंबरा करीत खाली यायचे आणि प्रत्येक उंबऱ्याशी सांगायचे. घरातल्यांनी केवळ 'ऐकलं' एवढेच म्हणायचे. क्षमेचा शब्द त्यात नाही आणि निर्भर्त्सनेचाही नाही. देवूच्या वडिलांच्या काळात एकदा असे घडले होते म्हणतात.

"वाट नव्हती," दीपाली देवूच्या उंबऱ्याशी म्हणाली. "मी वाट हाय म्हनले."

देवूला 'ऐकलं' म्हणवेना. राणी आत गोधडीत कुडकुडत होती. "आमची पोर आली का तुज्या पिच्चरमदी?" तो म्हणाला. "वाहून जाताना बरी दिसली आसंल. बघतील तिकडं फारेनचे सायेब." मग भिंतीकडे तोंड करून, "ऐकलं."

तेथून सहावे घर, पाचवे, चौथे. तिसरे घर दीपालीचे स्वतःचे होते. तेथेही ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली, आणि तिच्या आईने पदराने तोंड झाकून तो एक शब्द उच्चारला.

साडेपाचला ती माझ्या ओसरीवर आली. अनिमेष संगणकापुढे बसला होता. अर्ज भरलेला होता. केवळ चित्रण जोडायचे आणि एक कळ दाबायची बाकी होती.

"पहिला टेक एकदम क्लीन आहे," तो खालच्या आवाजात म्हणाला. "त्यात पाणी खरंच कमी होतं, दीपाली. त्यात खोटं काहीच नाही."

"फुलाआत्ती न्हाई त्यात," ती म्हणाली.

"तुझं पुढचं सगळं शिक्षण आहे यात."

"व्हय. ठावं हाय मला." ती ओसरीच्या पायरीवरच बसली, पाय खाली सोडून. "बंद करा ते. सर, तुमी बी काई म्हनू नगा आता."

माझ्या ओठांवर एक वाक्य आलेलेच होते. तिने ते ओळखले होते. सहा वाजून गेले तेव्हा अनिमेषने मान खाली घालून संगणक मिटला. तो रडत होता आणि ते त्याला लपवायचे नव्हते.

माझे पत्र मात्र गेलेलेच होते. दुसऱ्या दिवशी मी त्या संस्थेला सविस्तर लिहिले. संस्थापिका हा शब्द माझा, उमेदवाराचा नव्हे, हाळी फुलाबाईंची, त्यांना आत बसवले तेही मीच. नवव्या दिवशी उत्तर आले. त्यात म्हटले होते की, आपले पत्र मिळाले, परंतु या नावाचा कोणताही अर्ज आमच्याकडे आढळत नाही. आपल्या स्वारस्याबद्दल आभार. माझ्या अपराधाला तिकडे कोणी धनीच नव्हता.

फुलाबाईंचा हात प्लास्टरमध्ये होता. त्यांचा भाचा त्यांना आपल्या भाड्याच्या खोलीवर मारुंजीला घेऊन गेला. खालचे घर बंद झाले आणि दीपाली त्या बंद दाराच्या पायरीवर पहाटेपासून बसू लागली. गुडघ्या नीट न्याहाळून, तो उघडा असला तर ती उभी राही आणि हाळी देई. तिचा स्वर वर जाई. दुसऱ्या घराच्या अंगणात माणसे असत; त्यांना तो ऐकू जाई; आणि तेथेच संपे. कोणी तिला टाकून बोलले नाही. कोणी अबोला धरला नाही. केवळ तिची हाळी कोणी उचलीना. प्रत्येक घरातून एक माणूस ओढ्यापर्यंत चालत येई, स्वतःच्या डोळ्यांनी पाणी पाही आणि मग पोरांना न्यायला परत वर जाई. लावणीच्या दिवसांत तो खोळंबा मोठा होता. मी पलीकडच्या काठावरून हे सारे पाहत असे. दुसरे काही करण्याची योग्यता माझ्या अंगी उरली नव्हती.

"रोज कशाला देतेस, बाळ?" एकदा मी न राहवून विचारले.

"वाट आसंल तर सांगाया नगं?" तिने मलाच विचारले, आणि वहीत लिहिले: गुडघ्या उघडा, हाळी दिली, उचलली नाही. अशा नोंदींनी पान भरत आले होते.

एकोणिसाव्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने फुलाबाई परत आल्या. हात गळ्यात बांधलेला. मारुंजीत त्यांना झोप लागत नव्हती म्हणे. रात्रंदिवस टेम्पो, आणि नळाचे पाणी एकाच आवाजात वाहते. मी त्यांना धरून ओढा पार करून दिला. दीपाली त्यांच्या पायरीवरून उठली, बाजूला झाली आणि खाली पाहत उभी राहिली.

"दीपे," फुलाबाई म्हणाल्या, "बगितलंस का पानी?"

"बगितलं."

"मग मला इचारून देनार व्हय? दे की."

आणि स्वतःच्या दाराकडे न वळता त्या चढणीला लागल्या. दुसऱ्या घराच्या अंगणात जाऊन, दम लागला म्हणून तेथल्या दगडावर टेकल्या. दीपालीने ओढ्याकडे पाहिले, मग वर तोंड केले. "वाट हाय रंऽऽ!"

अंगणातली माणसे आपापल्या कामात राहिली. फुलाबाई बसल्या जागेवरून, मोडका हात छातीशी धरून, डोंगराकडे वळल्या आणि त्यांनी ती हाळी उचलली. तिसऱ्या घरातून दीपालीच्या आईचा स्वर उमटला, कापरा. मग चौथे, पाचवे, सहावे. तेथे ती थांबली. देवूचे घर उरले होते. आम्ही सारे वर पाहत उभे होतो. मग एक बारीक, अर्धवट जांभईतला आवाज आला. राणीचा होता. ती हाळी पुढे द्यायला वर घरच नव्हते. ती नुसतीच, मोकळ्या डोंगराला दिलेली.

मी दीपालीच्या मुखाकडे पाहिले. ती ऐकत होती की नाही, कोण जाणे. तिने पाठ फिरवली होती आणि पोरे उतरून येईपर्यंत ती गुडघ्यावरची नजर काढणार नव्हती.