वर्गातले बाबा

मार्लिस लुंडक्विस्ट विद्यापीठात रसायनशास्त्रात नापास झाली, तेव्हा घरी सांगायला तिची जीभच रेटेना. विज्ञानाचा एक विषय पदरात पडल्याशिवाय पदवी मिळणार नव्हती. शेवटी तिच्या सल्लागार बाईंनीच वाट दाखवली. उन्हाळ्यात गावाजवळच्या कॉलेजात एखादा विषय घे, पास झालीस की त्याचं क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, इथे जमा करून घेऊ.

गावाजवळचं म्हणजे चाळीस मैलांवरचं. घरात एकच जुना ट्रक, आणि त्याचा गिअर फक्त बाबांच्या हाताला दाद द्यायचा. बाबा, म्हणजे अर्विड, बंदरावरच्या नोकरीतून नुकतेच निवृत्त होऊन दिवसभर आईच्या पायात पायात येत होते.

"घेऊन जा गं यांना," आई म्हणाली. "सकाळभर माझं स्वयंपाकघर तरी मोकळं राहील."

पहिल्या दिवशी मार्लिस वर्गात गेली आणि बाबा बाहेर ट्रकमध्ये डास मारत बसले. भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या काल्बर्ग बाईंना ते खिडकीतून दिसले. "ते तुझे वडील ना? मग आत येऊ देत की. खुर्च्या रिकाम्याच आहेत."

बाबा थेट पहिल्या रांगेत बसले आणि बाईंनी एक दगड दाखवून त्याचं वय सांगताच त्यांचा हात वर गेला. "बाई, हा दगड इतका म्हातारा आहे, हे त्याला विचारलं कोणी?"

सगळा वर्ग हसला. परतताना मार्लिस फुगून बसली होती.

"बाबा, उद्यापासून जरा गप्प बसा ना!"

"मला कळलं नाही, म्हणून विचारलं. तुला कळलं होतं?"

तिलाही कळलं नव्हतं. मग वाटेतल्या हॉटेलात डोनट खात दोघांनी पुस्तकातलं ते पान पुन्हा वाचलं. पुढे तो रोजचाच परिपाठ झाला. बाबा आडवंतिडवं विचारत, आणि त्यांना समजावता समजावता तिलाच उलगडत जाई. जुलैमध्ये वर्ग सुपीरिअर सरोवराच्या काठी गेला. घरी मोजकंच बोलणारे बाबा पँट दुमडून बर्फासारख्या पाण्यात उतरले आणि एकेक दगड उंच धरून "हा कोणता? आणि हा?" असं ओरडत राहिले.

मार्लिस चांगल्या गुणांनी पास झाली. पण सप्टेंबरात विद्यापीठाने कळवलं, की या विषयाला प्रयोगशाळा नव्हती, त्यामुळे क्रेडिट मिळेल, पण विज्ञानाची अट काही पुरी होणार नाही. तिने रडतच घरी फोन केला.

बाबांनी लगेच विचारलं, "म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात परत जायचं?"

"बाबा, ही काय आनंदाची बातमी आहे?"

"तुझ्यासाठी नसेल."

पुढच्या उन्हाळ्यात दोघांनी प्रयोगशाळा असलेलं वनस्पतिशास्त्र घेतलं. या वेळी बाबांनी रीतसर नाव घातलं, परीक्षा दिली आणि आपटले. "विज्ञानात नापास व्हायची आपल्या घरात रीतच आहे," असं ते शेजाऱ्यांना छाती फुगवून सांगत. मार्लिसची अट मात्र पुरी झाली.

आता बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. विद्यापीठातल्या प्राध्यापकांची नावं मार्लिसला आठवत नाहीत. आठवतो तो पाइनच्या झाडांमधला रस्ता, उघड्या खिडक्यांतून येणारा वारा आणि गाडी हाकता हाकता झाडांची नावं हमखास चुकीची सांगणारे बाबा. कुठे शिकलात, असं कोणी विचारलं की ती विद्यापीठाचं नाव सांगते. मग थोडं थांबून म्हणते, "उन्हाळ्यात मात्र बाबांबरोबर."