अकराशे खणांची थोरली

कपडे शिवायच्या त्या कारखान्यात बटणांची खोली एवढीशी होती की दोन बायका एकदम वळल्या तर कोपराला कोपर लागायचं. तिन्ही भिंतींना खालपासून छतापर्यंत पत्र्याचे खण, एकूण अकराशे. त्या खोलीत एकाच घरातल्या दोघी जावा कामाला होत्या. थोरली सव्वीस वर्षं आणि धाकटी चार. धाकटीला थोरलीनेच जुन्या साहेबांच्या हातापाया पडून चिकटवलं होतं, हे एक धाकटी सोडली तर सगळ्यांच्या लक्षात होतं.

थोरलीची शाळा दोन यत्ता, त्यातली दुसरी नापास. म्हणून तिने आपली रीत काढली. प्रत्येक खणाच्या कडीला आतलंच एक बटण दोऱ्याने बांधायचं, म्हणजे खण न उघडता आत काय ते कळतं. शिवणाऱ्या बायकांपैकी कुणी कापडाचा तुकडा घेऊन आली की थोरली तो बोटांत धरायची, एकदा भिंतीवरून नजर फिरवायची की बटण हातावर. नुसत्या राखाडीचे तिच्याकडे चाळीस खण होते. ओल्या फरशीचा राखाडी, उंदराच्या पोटाचा राखाडी, सासूच्या डोळ्यांचा राखाडी. सासूचा खण ती जरा आपटूनच लावायची.

नवरा गेल्यापासून ती धाकट्या दिराच्या घरी राहत होती. पण पगार आणत होती, म्हणून तिचं ताट पहिल्या पंगतीला असायचं आणि तिच्यावर आवाज चढवायची कुणाची छाती नव्हती. ही नोकरी गेली तर काय, ते तिला पक्कं ठाऊक होतं. बिनकमाईच्या विधवा तिने घरोघर पाहिल्या होत्या. भांडी घासताना दिसतात, जेवताना दिसत नाहीत.

मग नवे मॅनेजर आले आणि त्यांच्यामागोमाग कॉम्प्युटर. मॅनेजरांचा आवाज लोण्यासारखा. त्यांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, की जे मशिनमध्ये आहे ते कारखान्यात आहे, जे मशिनमध्ये नाही ते नाहीच. खणांवर नंबर चिकटले. आतला माल मोजून मशिनमध्ये भरला गेला, कडीला लटकलेली बटणं मात्र कुणी मोजली नाहीत. दोघींना एकेक कार्ड मिळालं. माल देताना कार्ड टेकवायचं, नंबर दाबायचा. मग माल कुणी दिला आणि किती मिनिटांत दिला, ते मशिन आपलं आपण लिहून ठेवतं.

थोरलीने कार्ड मळू नये म्हणून रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवलं. धाकटीला म्हणाली, की तुला लिहिता येतं, तू त्या डबड्यापुढे बस, बटणं मी काढते. धाकटीचं कार्ड तिच्या गळ्यातच होतं, तेच ती टेकवत राहिली. बटणांची नावं भरायची वेळ आली तेव्हा तिने चाळीस वेळा ‘राखाडी’ लिहिलं आणि चहाला गेली.

आठ महिन्यांनी मॅनेजरांनी दोघींना बोलावलं. पुढ्यात कागद होता. कागदावर एक रेघ माडासारखी उभी, दुसरी मेल्या गांडुळासारखी आडवी. धाकटीने नऊ हजार वेळा माल दिला, सरासरी दोन मिनिटांत. थोरलीने एकदाही नाही. खोलीत आता एकीचीच जागा ठेवायची आहे, असं त्यांनी लोण्यातच घोळवून सांगितलं.

थोरलीला आधी हसूच आलं. “साहेब, काढून मीच देते. ही नुसती टेकवते. हवं तर विचारा तिला.”

मॅनेजरांनी विचारलं. धाकटीने गळ्यातल्या कार्डाची दोरी बोटाला गुंडाळली.

“असतात जाऊबाई खोलीत,” ती म्हणाली. “वयाच्या मानाने बरंच करतात.”

थोरलीला शनिवारपर्यंतची मुदत मिळाली. ते चार दिवस धाकटी नजरेला नजर नको म्हणून ऑफिसात बसून मशिनचं पुढचं शिकत होती. खोलीत थोरली एकटी. तिने लहान कात्री काढली आणि वरच्या रांगेपासून दोरे कापायला घेतले. शनिवारी संध्याकाळी फाटकावर रखवालदाराने तिची पिशवी तपासली, तर आत डबाभर सुटी बटणं. त्याने ऑफिसात विचारलं. ऑफिसने मशिनला विचारलं. एकही बटण कमी नव्हतं. रखवालदाराने डबा परत दिला आणि जपून जा म्हणाला.

सोमवारपासून थोरलीचं ताट मागे गेलं. “आता घरीच आहात, तर माझा डबाही भरत जा, जाऊबाई,” धाकटी म्हणाली. थोरलीचं अंथरूण न्हाणीघराशेजारच्या बोळात आलं. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ती ही.

पण कारखान्यात धाकटीपुढे अकराशे बोडके खण. मशिन सांगायचं, राखाडी, चाळीस ठिकाणी. एकेक खण ओढून बघेपर्यंत बाहेर शिवणाऱ्या बायका हात बांधून उभ्या. तक्रार करावी, तर बटणं आजवर कोण काढत होतं ते कबूल करावं लागणार. तिसऱ्या दिवशी ती पदरात कापडाचे तुकडे लपवून घरी आली, आवाज मऊ करून थोरलीपुढे बसली. थोरलीने तुकडे दिव्याकडे धरले, उलटसुलट केले.

“वय झालं गं,” ती म्हणाली. “रंग कळेनासे झालेत.”

महिना भरला. मशिनने लिहिलं, दर खेपेला चाळीस मिनिटं. मॅनेजरांनी धाकटीलाही तोच कागद दाखवला, त्याच आवाजात.

आता दोघीही घरी. घर दिराच्या एकट्या पगारावर, आणि त्याच्या जिभेला आलेली धार दोघींवर सारखीच चालायची. एका सकाळी कामावर निघताना त्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं आणि तो ओरडला, की दोन बायका बसून खातात आणि घरात एक बटण मिळत नाही. थोरलीने अंथरुणाच्या वळकटीतून डबा काढला, आत न बघताच बोटांनी चाचपलं आणि बटण वर काढलं. हुबेहूब तेच.

सुईत दोरा ओवता ओवता धाकटीने डबा पाहिला आणि तिचा हात थांबला.

थोरलीने डबा तिच्याकडे सरकवला. “अकराशेला एक कमी आहे. बघ मोजून. नोंदी तू चांगल्या करतेस.”