भाऊजींची नाईल

मी माणसांना माफ करत नाही. वयाबरोबर हे सुटेल असं सगळे म्हणायचे, साठी उलटली तरी सुटलेलं नाही. मोठ्या दिरांवर, म्हणजे भाऊजींवर तर मी एकवीस वर्षं डूख धरून होते, आणि ते उट्टं कसं काढलं हे मला एकदाचं सांगून टाकायचंय.

मी डोंबिवलीच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. लेक सात वर्षांची असताना भूगोलाच्या शिक्षकांचा एक अभ्यासदौरा इजिप्तला निघाला आणि शाळेने माझं नाव दिलं. ठाण्याला खेटे घालून मी पासपोर्ट काढला. लेकीला सांभाळायला सासूबाई आनंदाने तयार होत्या. राहिला होता फक्त भाऊजींचा होकार, कारण आमच्या घरात त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. ते राहायचे कल्याणला, पण राज्य डोंबिवलीवरही होतं.

भाऊजी मशिनं बसवायला कंपनीतर्फे तीन आठवडे इजिप्तला जाऊन आलेले. आमच्या सगळ्या गोतावळ्यात परदेशी गेलेला तो एकच माणूस. रविवारी ते आले, पोहे खाल्ले आणि बशी खाली ठेवत म्हणाले, "काय अडलंय जायचं? मी डोळ्यांनी पाहून आलोय. तुला काय हवं ते मला विचार. पोरांना शिकवायला तेवढं रग्गड झालं."

नवरा? नवरा पेपर वाचत होता. एकच पान, अर्धा तास. माझ्या जागी दुसऱ्या शाळेतल्या बाई गेल्या. दहा वर्षांनी माझ्या पासपोर्टची मुदत संपली तेव्हा आत एकसुद्धा शिक्का नव्हता.

आणि मी, मूर्ख बाई, खरोखरच त्यांना विचारलं. नाईलपासून लांब गेलं की हिरवळ कशी कमी होत जाते हो? ते म्हणाले, "हळूहळू. आधी शेतं, मग झुडपं, मग खुरटं गवत. मैलोन् मैल विरळ होत जातं, मग वाळू." पुस्तकात यावर एक ओळ नव्हती, म्हणून मला ते सोन्यासारखं वाटलं. मी ते फळ्यावर काढायचे, हिरवा खडू आडवा धरून, रंग फिका फिका करत. दर वर्षी. वर एकदा त्यांनाच वर्गावर बोलावलं, पोरांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाकडून ऐकावं म्हणून. तर ते माझ्याकडे बोट करून वर्गाला म्हणाले, "तुमच्या बाई जगाचा नकाशा शिकवतात, पण साधी खाडी ओलांडायची म्हटली तरी आधी नवऱ्याला विचारतात." साठ पोरं खिदळली. मीही हसले. ते माझं हसणं मला आजही चावतं.

निवृत्त झाले त्याच महिन्यात नवा पासपोर्ट काढला. विचारलं कुणालाच नाही, नवऱ्याला फक्त तारीख सांगितली. "मी येऊ का?" तो म्हणाला. "तुम्ही पेपर वाचा," मी म्हटलं.

तिकडे नाईलच्या पश्चिम काठाने टॅक्सीने चालले होते. दोन्हीकडे ऊस, गाढवं, पाण्याचे पाट, साताऱ्याकडे आल्यासारखं वाटत होतं. रस्ता वळला आणि मी ओरडलेच, "स्टॉप! स्टॉप!" ड्रायव्हरला वाटलं बाईंच्या पोटात काही झालं. त्याने गाडी कडेला घेतली आणि बिचाऱ्याने तोंड फिरवलं.

शेत संपलं होतं. विरळ नाही, हळूहळू नाही, सुरीने बर्फी कापावी तसं. अलीकडे गुडघाभर हिरवा घास, पलीकडे वाळू, मध्ये वीतभरसुद्धा जागा नाही. मी चप्पल काढून एक पाय घासात ठेवला आणि एक वाळूत. एक गारेगार, दुसरा भाजत होता. पाणी पोचतं तिथपर्यंत जगायचं, पुढे एक पाऊलही नाही. इजिप्त म्हणजे नाईलची देणगी, हे जन्मभर शिकवलं ते माझ्या तळपायांना अर्ध्या मिनिटात कळलं. खरं तर धन्य वाटायला हवं होतं. पण मला आठवले भाऊजी. "मेला खोटारडा!" मी भर उन्हात मराठीत ओरडले. एकवीस वर्षं जेवढी म्हणून पोरं माझ्या वर्गात बसली, त्या सगळ्यांना मी ती विरळ होत जाणारी हिरवळ शिकवली होती, चुकीची. माझ्या हाताने, खडूने.

परत आले आणि पंधरा दिवसांत भाऊजींची पंचाहत्तरी आली. कल्याणला हॉल घेतलेला, सगळे नातेवाईक जमलेले. पंचाहत्तर दिव्यांनी ओवाळून झालं, माईक हातात आला आणि स्वारी इजिप्तवर घसरली. शेतं, झुडपं, खुरटं गवत. मी उभी राहिले.

"भाऊजी, हे कुठे पाहिलंत?"

"कुठे म्हणजे? नाईलच्या काठी."

"कुठल्या गावी?"

"अगं, इतक्या वर्षांची गोष्ट..."

"मी मागच्या महिन्यात तिथे उभी होते. झुडूप नाही, गवत नाही. शेत संपतं तिथेच वाळू लागते. तुम्ही पाहिलंत की ऐकलंत?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. जाऊबाई उगाच पदर सावरायला लागल्या. भाऊजींनी माईक खाली घेतला, पण तो चालूच होता. "कंपनीची गाडी न्यायची, आणायची," ते म्हणाले. "हॉटेल आणि कारखाना. नाईल मी पुलावरून पाहिली, गाडीच्या काचेतून. बाकीचं बरोबरच्या एका इंजिनिअरने सांगितलेलं."

ऐकीव! ऐकीव गोष्टींच्या जोरावर या माणसाने मला घरी बसवलं होतं. मी खाली बसले आणि, खोटं कशाला बोलू, मला भारी आनंद झाला होता.

जेवताना ते वॉकर सरकवत माझ्या टेबलाशी आले. गुडघ्यांनी पार दगा दिलाय त्यांना, घरातल्या घरात फिरणंही मुश्किल. मला वाटलं भांडायला आलेत. मी तयारच होते. पण ते शेजारच्या खुर्चीत टेकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "एकदम संपतं? म्हणजे दिसतं तरी कसं गं ते? जरा नीट समजाव की मला."

डोळ्यांत खरीखुरी उत्सुकता होती. वर्गात असे डोळे दिसले की घंटा झाली तरी मी शिकवत राहायचे. आत्ताही सगळं जिभेवर आलं होतं, तो गार पाय, तो भाजणारा पाय.

"सांगून नाही कळायचं, भाऊजी," मी म्हटलं. "जाऊन बघा."

त्यांनी वॉकरकडे पाहिलं. त्यांनी पाहिलं हे मीही पाहिलं, आणि शब्द परत घेतला नाही.