मालक बाजारला गेल्यात

बेल्ह्याच्या बैलबाजारात चांगदेवनं चाळीस वर्षं दलाली केली, आणि त्या चाळीस वर्षांत कुठल्याही गोष्टीची खरी किंमत तोंडानं सांगितली नाही. बाजाराची रीतच तशी. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात घालतात, बोटं दाबून भाव ठरतो, आणि शेजारी उभ्या माणसाला दोघांच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची ही इतरांसाठी म्हण असेल, चांगदेवचा तो धंदा होता.

त्यामुळे बायको, कुशाबाई, विसरायला लागली तेव्हा त्यानं तेही झाकलं. गॅस चालू ठेवून ती शेतावर निघून गेली, तर म्हणाला, वय झालं आता. सुनेला भलत्याच नावानं हाक मारली, तर म्हणाला, थट्टा करती ती. पण श्रावणात एका दुपारी कुशाबाई पिशवी काखेत मारून एसटी स्टँडवर सापडली. कंडक्टरला सांगत होती, अवसरीचं तिकीट दे, आई वाट बघतीय. अवसरी खुर्द तिचं माहेर, आणि आईला जाऊन तीस वर्षं झालेली. अर्ध्या गावानं ते बघितलं. मग झाकायचं काय राहिलं?

नारायणगावच्या डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हणून निदान केलं, गोळ्या दिल्या आणि बरं होण्याचा आजार नाही हेही सांगून टाकलं. निघताना नर्सबाईंनी एक कागद हातात ठेवला. घरी असं माणूस सांभाळणाऱ्यांसाठी मोबाईलवर मदत मिळते, आठ आठवडे, दर गुरुवारी, फुकट. चांगदेवनं कागदाची घडी घालून फेट्यात खोचली. फुकट मिळणाऱ्या बैलाचे दात आधी बघावेत असं त्याचं मत होतं.

पोरगा रामनाथ चाकणच्या कंपनीत. तो त्याच आठवड्यात आला आणि आईला ठेवायला पुण्याबाहेर एक जागा बघितलीय म्हणाला. फोटोही दाखवले. पांढऱ्या चादरी, बाग, झोपाळा. रामनाथ वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. बापाचं वजन उतरलेलं त्याला दिसत होतं.

"आण्णा, तुमचं वय बहात्तर. तुमाला झेपत न्हाई," तो म्हणाला. "आन आईला तुमी कोण हे तरी कळतंय का? कळत न्हाई तर मग अडवून ठिवून काय उपेग? दिवाळीला गाडी घेऊन येतो."

चांगदेवनं बाजारात भल्याभल्यांची तोंडं बंद केली होती. पण पोराचा हा प्रश्न खरा होता, तिला खरोखरच कळत नव्हतं. सेहेचाळीस वर्षांचा संसार, आणि हा माणूस स्वयंपाकघरात शिरला की कुशाबाई पदर सावरून भिंतीला टेकायची. परका बाप्या घरात घुसला म्हणून एकदा लाटणं फेकून मारलं, ते कपाळाला लागलं. अंघोळीचं नाव काढलं की शिव्या. गोळी द्यायला गेला की तोंड घट्ट मिटलेलं.

तेव्हा चांगदेवनं मनाशी ठरवलं की दिवाळीच्या आत हिला आपली ओळख पटवायचीच. ओळख पटली की पोराचं बोलणं आपोआप बंद. मग त्यानं काय करावं? लग्नातला फोटो, रेशनकार्ड आणि आधारकार्ड तिच्यापुढे ओळीनं मांडलं. कुशाबाईनं तिन्ही नीट बघितली आणि म्हणाली, "कागदं तलाठ्याला दावा. मालक बाजारला गेल्यात. ते आले की या."

मग त्यानं परीक्षा सुरू केली. रोज सकाळी चहाच्या आधी एकच प्रश्न. "सांग, नवऱ्याचं नाव काय तुझ्या?" कुशाबाई मान खाली घालायची, पदराचं टोक बोटाला गुंडाळायची आणि गप्प बसायची. चांगदेवनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारली. फुल्यांची रांग बघून त्याचा जीव तुटायचा. दलालाला दुसऱ्याचा तोटा बघायची सवय असते, पण आपलं नाव आपल्याच घरातून पुसलं जातंय हे बघायची नसते.

शेवटी फेट्यातला कागद निघाला. गोठ्याच्या ओट्यावर रेंज चांगली, म्हणून तिथं पेंडेच्या पोत्याला मोबाईल टेकवून चांगदेव बसला. पडद्यावर तेजस्विनी नावाची बाई आली, पुण्याची, चष्मेवाली, बोलायला गोड. तिच्याभोवती छोट्या छोट्या चौकटींत आणखी पाच-सहा जण. सगळ्या बायका. बाप्या हा एकटाच. त्यानं फेटा नीट केला.

तेजस्विनीनं सुरुवातीचे प्रश्न विचारले. "काका, एक म्हणजे अजिबात नाही आणि पाच म्हणजे खूप. तुम्हाला थकवा किती येतो?"

"तुमी किती धरलाय?" चांगदेवनं विचारलं.

"मी नाही, तुम्ही सांगायचं."

"लोकं किती सांगत्यात साधारण?"

"काका, तुमचा आकडा सांगा."

"दीड लिवा."

चौकटीतल्या बायका हसल्या. झोप किती लागते, तर चांगली. मदतीला कोण आहे, तर समदं गाव आहे. कपाळाला काय लागलंय, तर दाराची चौकट. बाजारात लंगड्या बैलाला कुणी लंगडा म्हणत नाही, ती सवय इथंही नडली. खोटा भाव सांगितला की सल्लाही खोट्या दुखण्यावरच मिळायचा. चार गुरुवार असे गेले. तेजस्विनी सांगायची तो उपाय चांगदेव वहीत लिहून घ्यायचा, आणि घरात येऊन पुन्हा तीच परीक्षा घ्यायचा.

पाचव्या गुरुवारी मात्र तो बांध फुटला. आदल्या दिवशी कुशाबाईनं त्याच्या हातावर चावा घेतला होता. तेजस्विनीनं नेहमीसारखं "कसं चाललंय, काका?" विचारलं, आणि चांगदेवला "बरं हाय" म्हणता येईना. पोत्यापुढे बसून हा फेटेवाला माणूस ढसाढसा रडला.

"ते दीड खोडा म्याडम. पाच लिवा," तो म्हणाला. "लाटणं तिनंच मारलं. अकरा दिस अंघोळ न्हाई तिला. रोज नवऱ्याचं नाव इचारतो, ते बी येत न्हाई. माझं नाव गेलं वो तिच्या डोक्यातनं."

मग कोपऱ्यातल्या चौकटीतून नसीम बोलली. जुन्नरची, नवऱ्याचं बांगड्यांचं दुकान, सासूला सांभाळणारी. फारसं बोलायची नाही ती कधी.

"चाचा, एक इचारू? आजारी व्हायच्या आधी चाचींनी तुमचं नाव कधी घेतलं व्हतं?"

चांगदेव डोळे पुसता पुसता थांबला. सेहेचाळीस वर्षं त्यानं मनातल्या मनात उलटी चाळली. अवो, मालक, रामनाथचं वडील. नाव? नाव कधीच नाही.

"आमच्यातबी सासूबाई सासऱ्यांचं नाव घेत न्हाईत," नसीम म्हणाली. "डाक्टरनी इचारलं तरी लाजून गप बसल्या. त्यांनी लिवलं, आठवत न्हाई. आठवतंय की सगळं. सांगतील कशा?"

तेजस्विनीनं आपल्या वहीत काहीतरी खोडलं आणि "हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं" असं सरळ कबूल केलं. चांगदेवला तिच्याविषयी त्या क्षणी पहिल्यांदा विश्वास वाटला. चूक मान्य करणारा माणूस बाजारात त्यानं दोनदाच पाहिला होता.

त्या संध्याकाळी त्यानं शेजारच्या प्रयागबाईला बोलावलं. ती त्याची विधवा चुलतबहीण, तोंडानं फटकळ आणि मनानं लोणी. ती कुशाबाईजवळ बसली आणि नव्या नवरीला म्हणावं तसं म्हणाली, "वयनी, दिवाबत्ती झाली. घ्या बघू नाव."

कुशाबाई हसली. पदर डोक्यावर ओढला. आणि एक अक्षर न अडखळता म्हणाली,

"बैलांच्या गळ्यात घुंगरांची माळ,
चांगदेवरावांचं नाव घेते, झाली दिव्याची येळ."

दाराआड उभ्या चांगदेवला हसावं की रडावं कळेना. तो तसाच आत आला. कुशाबाईनं त्याच्याकडे बघितलं आणि लगेच पदर सावरला. "पावणं, आता निगा तुमी," ती म्हणाली. "मालक येतील बाजारातनं."

म्हणजे नाव होतं. नवराही होता. फक्त तो काळ्या मिशांचा, चाळिशीचा गडी होता, आणि रोजच बाजाराचा सोमवार असल्यासारखा घराबाहेर गेलेला होता. हा पांढऱ्या मिशांचा म्हातारा तिच्या लेखी दुसराच कुणी. ती आपल्या नवऱ्याशी इमानानं वागत होती, आणि आपण तिला रोज परक्या पुरुषासमोर नाव घे म्हणून छळत होतो, हे चांगदेवला तेव्हा उमगलं. त्यानं कॅलेंडर काढून चुलीत घातलं.

पुढच्या गुरुवारी त्यानं सगळं खरं सांगितलं, आणि मग तेजस्विनीचा सल्लाही कामाचा ठरला. ओळख पटवू नका, ती म्हणाली. वाद घालू नका. अचानक पाठीमागून जाऊ नका. ती ज्या दिवसात आहे त्या दिवसात तुम्हीच जा.

दुसऱ्या दिवशी चांगदेव मागच्या दारानं बाहेर पडला, घराला वळसा घातला आणि पुढच्या दाराची कडी वाजवली. "राम राम वयनी. हायेत का मालक?" सख्ख्या बायकोला वहिनी म्हणताना त्याची जीभ जरा अडखळली. प्रयागबाई पलीकडं ओट्यावर तोंडात पदर कोंबून हसत होती. पण कुशाबाईनं बाहेर घोंगडी टाकली आणि तांब्याभर पाणी आणलं. दारी आलेल्या पाहुण्याला पाणी द्यायला ती विसरली नव्हती.

"मालक बाजारला गेल्यात. बसा," ती म्हणाली.

"मालकांनीच धाडलंय. नारायणगावावनं ही गोळी घेतली तुमच्यासाठी. घ्या म्हणलेत."

"त्यांनी धाडली व्हय? मग आणा की." आणि तिनं गोळी घेतली.

अंघोळीचंही तसंच. "मालक सांजच्याला येत्यात, न्हाऊन बसा म्हणलेत" असा निरोप दिला की कुशाबाई आपण होऊन न्हाणीकडे चालायची, आणि प्रयागबाई तिला न्हाऊ घालायची, वेणी घालायची. प्रयागबाईनं एकदा त्याला टोमणा मारला, की बाजारातलं खोटं आता घरात आणलंस. "खोटं कुठाय?" चांगदेव म्हणाला. "गोळ्या मालकानंच आणल्यात. निरोपबी मालकाचाच हाय."

सगळेच दिवस सरळ गेले असं नाही. एकदा तिनं पाहुण्याला चोर समजून कोंडलं, आणि तो दोन तास गोठ्यात बसला. पण ती जेवायला लागली. रोज दुपारी पाहुण्याला जेवायला वाढायचं, हे तिनं स्वतःच अंगावर घेतलं. हात चालायचे तिचे. भाकरी थापताना ती कुठं चुकायची नाही.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी रामनाथ गाडी घेऊन आला. आई अंगणात बसली होती, न्हालेली, वेणी घातलेली, आणि पांढऱ्या मिशांच्या माणसाला पिठलं-भाकरी वाढत होती. रामनाथला दारातच थांबावं लागलं. पण तो ठरवून आला होता.

"आई, चल," तो म्हणाला. "गाडी आणलीय."

कुशाबाईनं वर बघितलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "दादा! आलास व्हय न्यायला? किती वाट बघितली रे." तिला वाटलं, अवसरीहून भाऊ आला, दिवाळीसाठी बहिणीला माहेरी न्यायला. श्रावणापासून जे मागत होती ते दारात उभं होतं, गाडीसकट. ती उठली, आत गेली, आणि पिशवीत लुगडं भरायला लागली.

चांगदेवच्या हातातला घास हातातच राहिला. भांडून नेली असती तर तो आडवा पडला असता. पण ती हसत निघाली होती, आणि वाद घालायचा नाही हे त्यानंच ठरवलं होतं. त्यानं रामनाथकडे बघितलं. रामनाथ गाडीची किल्ली हातात फिरवत होता. एवढी हसरी आई त्यानं वर्षभरात पाहिली नव्हती, आणि तो तिला जिथं नेणार होता ते अवसरी नव्हतं.

कुशाबाई पिशवी घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. तिथं थांबली. घोंगडीवर बसलेल्या माणसाकडे बघत राहिली, त्याच्या ताटाकडे, त्यातल्या अर्ध्या भाकरीकडे.

"दादा, न्हाई जमायचं रे," ती म्हणाली.

"का गं?" रामनाथनं विचारलं.

"ह्या पावण्यांचं कोन न्हाई." तिनं आवाज बारीक केला, पाहुण्याला ऐकू जाऊ नये म्हणून. "रोज येत्यात बिचारं. मी गेले तर ह्यांना जेवाय कोन वाढील?"

तिनं पिशवी दाराच्या आड ठेवली आणि चुलीकडे वळली. रामनाथनं गाडीची किल्ली खिशात टाकली. मग चपला काढून बापाच्या शेजारी घोंगडीवर बसला. बापानं कधीतरी सांगितलं होतं, ते गुरुवारचं मोबाईलवरचं बोलणं कितीला असतं, एवढंच त्यानं विचारलं. साडेअकराला, चांगदेवनं सांगितलं.

आतून कुशाबाईनं दोघांसाठी गरम भाकरी आणली. आधी पाहुण्याला वाढली, मग भावाला.