डोमामामांचा गुंड

एकोडीच्या राइस मिलमध्ये कारकून म्हणून मी पहिल्या सकाळी पाऊल टाकलं, तर बॉयलरसमोर उभा एक काळाकभिन्न म्हातारा ओरडला, "शेटजी, सकारपासून तीनशे गुंड जाळले!" माझ्या हातातला जेवणाचा डबा खाली पडला. मी नाशिककडचा. आमच्याकडे गुंड म्हणजे मारामाऱ्या करणारा माणूस. तीनशे जाळले, आणि हा बाबा शांतपणे तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतोय!

नंतर कळलं, इथे गुंड म्हणजे पाणी भरायचं पितळी भांडं. गुंडभर गार पाणी आंघोळीपुरतं तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी म्हणजे या म्हाताऱ्याचा, डोमामामांचा, 'एक गुंड'. जगातली सगळी धग ते यातच मोजत. मला ताप आला तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाले, "पाव गुंड जास्तीचा हाय." यमुनामामी चिडली की मिलमध्ये येऊन जाहीर करत, "आज घरी सात गुंड!" मामी म्हणायची, "या मानसानं गुंडासंगच लगन करायले पायजे होतं!"

मिलमध्ये भिजवलेलं धान वाफवून उसना तांदूळ व्हायचा. जुना बॉयलर थकला होता. त्याच्या पाटीवर तासाच्या उष्णतेचा आकडा तीन लाखांचा, तर नव्याच्या माहितीपत्रकात चक्क सहा लाखांचा. दुप्पट! शेटजींना मीच पटवलं. नवा बॉयलर आला तो असा चकचकीत, की त्यात पाहून अर्ध्या एकोडीने दाढी केली.

आणि पहिल्याच दिवशी वाफ पुरेना. गावभराचं धान टाक्यांत भिजत पडलेलं. दुपारपर्यंत वाफवलं नाही तर आंबणार. शेटजी मामांवर कडाडले, "तुले नवी मशीन जमत नाही. उद्यापासून येऊ नोको!"

तीस वर्षांची नोकरी एका वाक्यात गेली. मामांनी गुंड आणला, गार पाण्याने भरला, वाफेची नळी आत सोडली आणि खर्रा घोटायला बसले. जुन्या बॉयलरवर एक खर्रा घोटून होईपर्यंत गुंड तापायचा. आज दोन घोटून झाले.

"शेटजी, हा बॉयलर अर्धा हाय."

"अर्धा? सहा लाखाचा हाय तो!"

"सहा लाख काय? गुंड का वाट्या?"

मी पाटीकडे धावलो. जुन्यावर किलोकॅलरी लिहिलं होतं. नव्यावर बीटीयू. मोबाइलवर शोधलं: एका किलोकॅलरीत जवळजवळ चार बीटीयू बसतात. सहा लाखांचे उरले दीड लाख! माझं रक्त असं गोठलं, की मामांनी मोजलं असतं तर उणे पाच गुंड भरलं असतं.

"मागवला कोनं?" शेटजींनी माझ्याकडे रोखून पाहत विचारलं.

मी तोंड उघडणार, तोच मामा म्हणाले, "कंपनीवाल्याहीनं वाटीनं मोजलं जी, आपून गुंड समजलो. समद्याहीचीच चूक. जुना अजून मागं उभा हाय, पेटवून देतो." जुना पेटला. धान वाचलं, आणि मामांची नोकरीही.

संध्याकाळी मी विचारलं, "मामा, मला का वाचवलंत?"

"बाबू, म्याबी फसलो ना एकडाव. सासऱ्यानं सांगतलं, पोरीचा राग एक गुंड. कोनाचा गुंड, थे इचारलंच नाही!"

यंदाच्या मे महिन्यात मामा बॉयलरसमोर बसल्या बसल्याच गेले. मी हात धरला. समोर भट्टी धडधडत होती आणि हात गार.

अंगणात शेवटच्या आंघोळीसाठी चुलीवर तोच गुंड चढवला. कोणीतरी घाईने उतरवायला गेलं. मामीने त्याचा हात धरला, पाण्यात बोटं बुडवली.

"थांबा जी," ती म्हणाली. "एक गुंड झाला नाही अजून."